मक्याच्या स्टार्चपासून तेल कोंडणाऱ्या पावडरपर्यंत

संत्र्याच्या तेलाच्या पावडरची बाटली उघडताच घमघमाट सुटला की नवखा माणूस खूश होतो. आम्हाला ती वाईट खूण वाटते. वास इतक्या सहज नाकापर्यंत आला, म्हणजे तेल कणाच्या आत नाही, बाहेर पसरले आहे. नीट जमलेली पावडर कोरडी असताना जेमतेम वास देते आणि पाण्यात पडल्यावरच मोकळी होते. वास का सुटला हे शोधायला लागलो की स्प्रे ड्रायरपाशी, म्हणजे गरम हवेत फवारून पावडर करणाऱ्या यंत्रापाशी, थांबून भागत नाही. तिथून इमल्शनकडे (पाण्यात पसरलेल्या तेलाच्या बारीक थेंबांच्या मिश्रणाकडे), इमल्शनकडून स्टार्च शिजवण्याकडे आणि बऱ्याचदा पार पहिल्या दिवशीच्या रासायनिक क्रियेपर्यंत मागे जावे लागते. म्हणून ही प्रक्रिया पहिल्यापासून, १०० ग्रॅम कोरड्या स्टार्चच्या मापाने मांडत आहोत.

साध्या स्टार्चला तेलाशी काही देणेघेणे नसते. त्याच्या साखळीवर सगळीकडे पाण्याला धरणारे हायड्रॉक्सिल गट असतात. या साखळीला अधूनमधून तेलात रमणारी आठ कार्बनची शेपटी जोडली, की तोच स्टार्च तेलाच्या थेंबाभोवती चिकटून बसतो. ही शेपटी ऑक्टेनिल सक्सिनिक अनहायड्राइडमधून येते. प्रयोगशाळेत या अनहायड्राइडला सगळे ‘ओएसए’ म्हणतात. अनहायड्राइडचे कडे उघडते तेव्हा त्याची एक बाजू स्टार्चला एस्टर होऊन जोडली जाते आणि दुसऱ्या बाजूला कार्बोक्सिलेट उरतो. त्यामुळे एकाच जागी तेलाची ओढ आणि पाण्यातला ऋण भार दोन्ही मिळतात. कॉल्डवेल आणि वुर्झबर्ग यांच्या नावे या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९५३ मध्ये मंजूर झाले. त्याआधी हे काम मुख्यतः गम अरेबिककडे होते. त्या डिंकात तेल धरणारा भाग म्हणजे प्रथिन जोडलेला थोडासा अंश, आणि त्याचे प्रमाण मालागणिक बदलते. स्टार्चमध्ये तो भाग आपण स्वतः मोजून घालतो, हा मोठा फायदा आहे.

खाद्यपदार्थात जाणाऱ्या स्टार्चसाठी ओएसएची कमाल मर्यादा कोरड्या स्टार्चच्या वजनाच्या ३ टक्के आहे. असा स्टार्च अन्नयोजकांच्या (फूड ॲडिटिव्ह) यादीत १४५० या क्रमांकाने ओळखला जातो. ३ टक्के ऐकायला फार कमी वाटते, म्हणून हिशोब करून पाहावा. ओएसएचा रेणुभार २१०, तर स्टार्चमधल्या एका ग्लुकोज घटकाचा १६२. ३ ग्रॅम ओएसए म्हणजे १४.३ मिलिमोल आणि १०० ग्रॅम स्टार्च म्हणजे ६१७ मिलिमोल घटक. सगळे ओएसए जोडले गेले तरी दर हजार घटकांमागे २३ शेपट्या, म्हणजे डीएस (दर ग्लुकोज घटकामागे शेपट्यांचे प्रमाण) ०.०२३. इतक्या विरळ शेपट्या एकाच कोपऱ्यात गोळा झाल्या तर उरलेला स्टार्च जसा होता तसाच राहतो. टायट्रेशनचा (जोडलेले ओएसए मोजण्याच्या चाचणीचा) आकडा मात्र शेपट्या समान पसरोत वा गोळा होवोत, तोच येतो. आमच्या मते या साऱ्या कामाचा खरा कस इथेच लागतो: ओएसए किती जोडले यापेक्षा ते किती समान पसरले, यात.

स्टार्च वॅक्सी मक्याचा घ्यावा. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये सुमारे पाव हिस्सा अमायलोज असते. शिजवून गार केले की त्याच्या सरळ साखळ्या एकमेकींना बिलगतात, द्रावण गढुळते आणि दुसऱ्या दिवशी भांड्यात खळ थिजलेली दिसते. वॅक्सी मक्यात जवळपास सगळे अमायलोपेक्टिन, म्हणजे फांद्याफांद्यांचा रेणू असतो. तो थिजत नाही. पोत्यावर काहीही लिहिलेले असो, चिमूटभर शिजवून, गार करून त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. तांबूस तपकिरी रंग आला तर वॅक्सी. गडद निळा आला तर अमायलोज आहे.

पहिले काम म्हणजे दाटपणा उतरवणे. मूळ वॅक्सी स्टार्च ५ टक्क्यांनाही घट्ट खळ देतो. आपल्याला पुढे २५ टक्क्यांचे पातळ द्रावण हवे आहे. ४० टक्के स्लरीत (पाण्यात कालवलेल्या न शिजवलेल्या स्टार्चमध्ये) आम्ही ०.५ नॉर्मल इतके हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवतो आणि ५० अंशांवर १२ ते १६ तास संथ ढवळतो. कण फुगत नाहीत, फुटत नाहीत. आतल्या साखळ्या मात्र तुटत जातात. घड्याळावर विसंबू नये. दहाव्या तासापासून दर दोन तासांनी नमुना काढून उदासीन करावा, धुवावा, २५ टक्क्यांना ९५ अंशांवर शिजवावा आणि गार झाल्यावर चमच्यातून ओतून पाहावा. मधासारखी संथ धार असेल तर आणखी वेळ द्यावा. पातळ तेलासारखी पडू लागली की कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) पीएच ६ वर आणून क्रिया थांबवावी. इथे हावरेपणा नडतो. साखळ्या फार तुटल्या तर इमल्शन करायला सोपे जाते, पण थेंबाभोवतीचे कवच पातळ आणि कमकुवत होते, शिवाय धुण्याच्या पाण्याबरोबर बराच माल वाहून जातो. काही जण आधी ओएसए जोडून, शिजवून, नंतर अल्फा अमायलेज एन्झाइमने पातळ करतात. तेही चालते, पण एन्झाइम पूर्ण मारावे लागते. ते थोडे जरी जिवंत राहिले तरी साठवणीत द्रावण पातळ होतच राहते.

आता मुख्य क्रिया. या पातळ केलेल्या स्टार्चची आर्द्रता आधी मोजून घ्यावी. १२ टक्के असेल तर १०० ग्रॅम कोरड्यासाठी ११३.६ ग्रॅम तोलायचा आणि १७२ ग्रॅम पाणी घालायचे. ३५ टक्क्यांची स्लरी होते. ढवळणी अशी हवी की तळाला साका बसू नये आणि वरून हवाही ओढली जाऊ नये. तापमान ३० अंश. ३ टक्के कॉस्टिकच्या द्रावणाने पीएच ८.५ करावा. हे द्रावण ३ टक्क्यांहून तीव्र नको. १० टक्क्यांचे घेतले की थेंब पडतो तिथला पीएच क्षणभर खूप चढतो, तिथले कण शिजल्यासारखे फुगतात आणि चिकट गुठळ्या तयार होतात. त्या ढवळून मोडत नाहीत. पुढे गाळणी त्याच बुजवतात आणि त्यांच्यातला स्टार्च ओएसएपासून वंचित राहतो.

३ ग्रॅम ओएसए १२ ते १५ मिली आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून घ्यावे, तेही घालण्याच्या अगदी आधी. अल्कोहोलमध्ये ते रात्रभर ठेवले तर हळूहळू अल्कोहोललाच जोडले जाते आणि तेवढे वाया जाते. ओएसए थंडीत गोठते. बाटलीत स्फटिक दिसले तर ती पूर्ण वितळवून, हलवून मगच तोलावे. ते त्वचेला ॲलर्जी आणणारे रसायन आहे, म्हणून हातमोजे आणि वाफ ओढणारे कपाट हवेच.

हे मिश्रण २ तासांत थेंबथेंब सोडायचे. घाईने ओतले तर ओएसए पाण्यात मिसळत नाही. वर तेलकट तवंग धरतो. जे कण त्या तवंगाला टेकतील त्यांना भरमसाट शेपट्या मिळतात आणि बाकीचे कोरडे राहतात. वर म्हटलेला असमान माल होतो तो असा. थेंबथेंब घातले आणि अल्कोहोलने ते बारीक पसरले, की ओएसए सगळ्या कणांच्या छिद्रांपर्यंत पोहोचते.

या वेळात पीएच सारखा खाली जात राहतो, कारण प्रत्येक जोडणीतून आम्ल मोकळे होते. तो ८.० ते ८.५ च्या पट्ट्यातच धरून ठेवायचा. ७.५ च्या खाली गेला तर स्टार्चचे हायड्रॉक्सिल पुरेसे जागे होत नाहीत आणि क्रिया रेंगाळते. ९ च्या वर गेला तर पाणीच ओएसएला आधी गाठते आणि जोडलेले एस्टरही सुटू लागतात. स्वयंचलित पीएच नियंत्रक नसेल तर पहिला तास जागचे हलता येत नाही; दर मिनिटाला कॉस्टिकचे काही थेंब लागतात. इलेक्ट्रोडवर स्टार्चचा लेप बसतो आणि आकडा आळशीपणे सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने तो धुऊन परत तपासावा. सगळे ओएसए घालून झाल्यावर पीएच १५ ते २० मिनिटे स्वतःहून स्थिर राहिला, की क्रिया संपली. साधारण ४ ते ६ तास लागतात.

ब्युरेटमधून किती कॉस्टिक गेले हे जरूर लिहून ठेवावे, कारण टायट्रेशनच्या आधीच ते निकाल सांगते. स्टार्चला जोडलेला प्रत्येक ओएसए रेणू एक कॉस्टिक खातो. पाण्याने उघडलेला दोन खातो. ३ टक्क्यांचे द्रावण ०.७५ मोलर असते. सगळे ओएसए जोडले गेले तर १९ मिली लागेल, सगळे वाया गेले तर ३८. सुरुवातीला पीएच चढवायला लागलेले सोडून २३ ते २४ मिली लागले, तर सुमारे ७७ टक्के ओएसए कामी आले. हा चांगला माल. ३० मिलीपर्यंत गेले तर निम्म्याहून अधिक पाण्याने खाल्ले. अशा वेळी इलेक्ट्रोड खोटा आकडा दाखवत होता का आणि तापमान ४० च्या पुढे गेले होते का, हे आधी पाहावे.

शेवटी सौम्य आम्लाने पीएच ६.५ करून गाळावे. दोनदा पाण्याने आणि एकदा ७० टक्के अल्कोहोलने धुवावे. सुटे ऑक्टेनिल सक्सिनिक आम्ल आत राहिले तर चव कडवट, साबणासारखी लागते, आणि ते ०.३ टक्क्यांच्या आत असणे बंधनकारक आहे. वाळवण ४० अंशांवर, पातळ थरात. ओला स्टार्च ६०-७० अंशांच्या ओव्हनमध्ये टाकला तर कण बाहेरून शिजतात आणि शिंगासारखे कडक खडे होतात.

डीएस मोजायला ५ ग्रॅम कोरड्या वजनाचा नमुना आयसोप्रोपेनॉलमधल्या २.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३० मिनिटे ढवळतो. त्याने कार्बोक्सिलेटचे आम्ल होते. मग १०० मिली ९० टक्के आयसोप्रोपेनॉल घालून १० मिनिटे ढवळायचे, गाळायचे आणि त्याच आयसोप्रोपेनॉलने धुवत राहायचे. सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने गाळलेल्या द्रवात पांढरे धुके येणे पूर्ण थांबेपर्यंत धुवावे लागते. हे धुणे अर्धवट सोडले तर उरलेले आम्लच ओएसए म्हणून मोजले जाते, आणि अविश्वसनीय वाटावा इतका सुंदर डीएस मिळतो. नंतर ३०० मिली पाण्यात २० मिनिटे उकळत्या वॉटरबाथवर ठेवून, गरम असतानाच ०.१ मोलर कॉस्टिकने फिनॉल्फ्थॅलिनच्या गुलाबीपर्यंत. ओएसए न जोडलेल्या मूळ स्टार्चवर हीच कृती करून आलेला आकडा वजा करून ५.४ मिली आले तर डीएस ०.०१८ निघतो. इन्फ्रारेड यंत्र हाताशी असेल तर १७२४ सेंमी⁻¹ च्या आसपास एस्टरचा आणि १५७० च्या आसपास कार्बोक्सिलेटचा नवा उंचवटा दिसतो. पण समानतेबद्दल दोन्ही पद्धती मुक्या आहेत. ती कळते इमल्शन केल्यावरच.

इमल्शनसाठी ५०० ग्रॅमचे माप असे: ओएसए स्टार्च ६० ग्रॅम, १८ ते २० डीईचे माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली छोट्या साखळ्यांची पावडर; डीई म्हणजे ती किती तुटली याचे माप) ६० ग्रॅम, संत्र्याचे तेल ३० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. माल्टोडेक्स्ट्रिन तेल धरत नाही, मग ते कशाला? हिशोब बघा. ३० ग्रॅम तेल म्हणजे सुमारे ३६ मिली. त्याचे १ मायक्रॉनचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग सुमारे २१५ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १० मिलिग्रॅम स्टार्च बसला असे धरले तरी थेंब झाकायला २ ग्रॅमच्या थोडे वर पुरते. थेंब फुटण्याच्या त्या क्षणी जवळ पुरेसा स्टार्च हवा म्हणून त्याच्या अनेक पट घालतो, पण बाकीचा सगळा माल फक्त भिंत असतो. भिंतीत छोट्या रेणूंचे माल्टोडेक्स्ट्रिन मिसळले की ती अधिक घट्ट भरते आणि प्राणवायू कमी आत शिरतो. निव्वळ ओएसए स्टार्चची भिंत तेल उत्तम कोंडते, पण तेल शिळे होण्यापासून तितके राखत नाही.

स्टार्च थंड पाण्यात ढवळतच घालावा, ९० ते ९५ अंशांवर ३० मिनिटे शिजवावा, मग माल्टोडेक्स्ट्रिन घालून ४० अंशांपर्यंत गार करावे आणि काही तास मुरू द्यावे. कापडातून नव्हे, १५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळावे. अर्धवट शिजलेल्या कणांची टरफले इथे अडली नाहीत तर ती पुढे नोझलमध्ये अडकतात. द्रावण रात्रभर ठेवायचे तर फ्रीजमध्येच. नाहीतर सकाळी आंबूस वास येतो.

तेल बारीक धारेने घालत रोटर-स्टेटरने (वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या घुसळणीने) मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर ५ मिनिटे घुसळावे. थेंब ५ ते १० मायक्रॉनचे होतात. मग उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून (अरुंद फटीतून दाबून थेंब बारीक करणाऱ्या यंत्रातून) २५० बारला दोनदा, दुसऱ्या टप्प्यावर ५० बार ठेवून. प्रत्येक फेरीत तापमान चढते, म्हणून मध्ये बर्फाच्या पाण्यातून काढावे. ४५ च्या वर तेल उडू लागते. दोन फेऱ्यांनंतर थेंब १ मायक्रॉनच्या खाली यायला हवेत. तिसऱ्या, चौथ्या फेरीत ते पुन्हा मोठे होऊ लागले तर दाब वाढवून काही साधत नाही. नवा पृष्ठभाग तयार होतो, पण तो झाकायला कामाचा स्टार्च उरलेला नसतो. डीएस चांगला आणि तरीही हे चित्र दिसले, तर असमान ओएसएचाच संशय घ्यावा. एक थेंब काचपट्टीवर ठेवून ४०० पट मोठा करून पाहावा: बारीक, थरथरणारे, सुटे ठिपके हवेत. द्राक्षांसारखे घोस दिसले तर थेंब एकमेकांना चिकटू लागले आहेत. मध्येच एखादा टपोरा चमकदार गोळा असेल, तर थेंब फुटून एकत्र येत आहेत.

फेस निवळू द्यावा. हवेचे बुडबुडे गेले नाहीत तर पावडरचे कण पोकळ होतात. पण इमल्शन त्याच दिवशी वाळवावे. संत्र्याच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन पाण्यात किंचित विरघळतो, त्यामुळे लहान थेंबांतले तेल पाण्यातून सरकत मोठ्या थेंबांत जाते; भिंत कितीही चांगली असली तरी ही गळती थांबत नाही.

स्प्रे ड्रायर आधी नुसत्या पाण्यावर स्थिर करावा: आत जाणारी हवा १८० अंश, बाहेर पडणारी ८५. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान फीडच्या, म्हणजे ड्रायरमध्ये सोडल्या जाणाऱ्या इमल्शनच्या, वेगाने सांभाळायचे. ते चढू लागले की फीड वाढवा, उतरले की कमी करा. १८० अंश ऐकून वाटते की १७६ ला उकळणारे लिमोनीन उडूनच जाईल. तसे होत नाही, कारण पाणी उडत असेतो थेंब स्वतः थंडच असतो. आणि पृष्ठभाग थोडा वाळला की त्यातून पाण्याचा छोटा रेणू अजून निसटतो, पण तेलाचा मोठा रेणू अडकतो. हा थर जितका लवकर धरेल तितके तेल वाचते. म्हणून फीडमध्ये घनपदार्थ जास्त असावेत, पण नोझलमधून बारीक फवारा उडेल इतपतच. दाट फीडचे थेंब मोठे आणि शेपटीसारखे ओढलेले पडतात. आत जाणारी हवा २१० वर नेली तर कणांत वाफ कोंडून ते फुग्यासारखे फुगतात आणि तडकतात. बाहेर पडणारी हवा ७० च्या खाली गेली तर पावडर ओली राहून सायक्लोनला (हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या भांड्याला) चिकटते.

हाती आलेल्या पावडरची आर्द्रता २ ते ४ टक्के असावी. एकूण तेलासाठी १० ग्रॅम पावडर पाण्यात घालून, फेस मारणारे दोन थेंब टाकून क्लेव्हेंजर उपकरणात (वाफेबरोबर निघालेले तेल गोळा करून मोजणाऱ्या काचेच्या उपकरणात) ३ तास उकळतो. ३ टक्के आर्द्रता धरली तर पूर्ण तेल २.३१ मिली यायला हवे, २.१ मिली आले तर ९१ टक्के टिकले. कणांच्या बाहेर राहिलेल्या तेलासाठी २ ग्रॅम पावडर २० मिली हेक्झेनमध्ये २ मिनिटे हलवून गाळायची. इथे एक चूक वारंवार होते: हेक्झेन उडवून उरलेले तेल तोलणे. जड वनस्पती तेलाला ती पद्धत ठीक आहे, पण लिमोनीन हेक्झेनबरोबर उडते. मग बाहेरचे तेल जवळजवळ शून्य दिसते आणि बाटली मात्र घमघमत असते. गाळलेले हेक्झेन तसेच गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) द्यावे.

दोष कुठला हे ओळखायला पावडर पाण्यात विरघळवून थेंब परत मोजावेत. आकार मूळ इमल्शनइतकाच आला आणि बाहेरचे तेल जास्त असेल, तर थेंब शाबूत आहेत, भिंत तडकली आहे. ड्रायरचे तापमान किंवा पातळ फीड तपासा. थेंब मोठे झाले असतील, तर इमल्शन नोझलमध्ये किंवा वाळताना फुटले. मग स्टार्चच्या पहिल्या दिवसाची वही काढा, कॉस्टिकचा आकडा पाहा.

पावडर हवाबंद, ओल न लागेल अशी ठेवावी. भिंतीने पाणी शोषले की ती काचेसारखी कडक राहत नाही, मऊ पडते, कण एकमेकांना चिकटून ढेप होते आणि आतले तेल बाहेर झिरपते. नमुन्याची एक बाटली ४५ अंशांवर ठेवून दर आठवड्याला लिमोनीन ऑक्साइड आणि कार्व्होन ही लिमोनीन शिळे होताना तयार होणारी द्रव्ये मोजतो. ताज्या संत्र्याचा वास मंदावून शहाजिऱ्याकडे झुकू लागला, तर ते कार्व्होनच असते. पुढच्या बॅचला ओएसए स्टार्च तेवढाच ठेवून माल्टोडेक्स्ट्रिन ६० वरून ८० ग्रॅम करतो आणि तेलात होमोजिनायझरच्या आधीच तेल शिळे होणे लांबवणारे टोकोफेरॉल मिसळतो.